सोनुआत्यांचं केशर

सोनुआत्या कुंभिवलीहून आल्या तेव्हा त्यांनी केशराची डबी आणली, आणि जिच्यासाठी आणली त्या जागृतीच्या हातात न देता तिच्या सासूच्या, येसूबाईंच्या हातात ठेवली. सुनेला पाचवा महिना लागला होता. सासू कडावचं घर धाकट्या मुलाच्या हवाली करून तिच्यासाठी शेलूच्या फ्लॅटवर राहायला आली होती.

"रोज रातच्याला दोन काड्या दुधात टाकून दे हिला," आत्यांनी आपल्या भावजयीला बजावलं. "लेकरू गोरंपान होईल बग."

या घरात गोरं म्हणावं असं दूध सोडून काही नव्हतं. सासू सावळी, सून सावळी, मुलगा सुमित दोघींहून एक हात वर, आणि सोनुआत्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण घरात जे नाही तेच पोटी यावं, ही माणसाची हौस फार जुनी.

जागृतीला दुधाच्या वासानंच मळमळायचं. येसूबाई रोज रात्री पेला भरून ठेवायच्या आणि भोळेपणानं झोपायला जायच्या. तो पेला रिकामा व्हायचा हे खरं. कोण रिकामा करायचं, हे नवरा-बायकोनं आपसात ठेवलं होतं.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी, आत्या पुन्हा येणार म्हणून निरोप आला. जागृतीनं डबी उघडून पाहिली. निम्मं केशर उरलं होतं. ती मनाशी म्हणाली, आज याचा सोक्षमोक्ष लावायचा.

चहा हा तिचा प्रांत. खालापूरला माहेरी पाहुणा आला की आई चुलीपाशी तिलाच बसवायची, आणि तिच्या हातचा चहा प्यालेला माणूस दुसऱ्यांदा वाट वाकडी करून यायचा. तिनं केशराच्या काड्या तव्यावर जेमतेम शेकल्या, खलात चुरडल्या आणि कोमट दुधात भिजत घातल्या. पाण्यात वेलची, साखर, चहा पावडर उकळली. आलं अगदी बेतानं टाकलं, कारण आल्यानं दादागिरी केली की केशराचं मुसळ केरात. मग कडावहून आलेलं म्हशीचं दूध घातलं, एक दमदार उकळी आणली, गॅस बंद केला, आणि सगळ्यात शेवटी केशराचं दूध ओतून वर झाकण ठेवलं. केशर उकळायचं नसतं, वास उडून जातो. झाकण काढलं तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली.

"जयभीम गं पोरींनो," म्हणत आत्या आल्या आणि पहिल्या घोटालाच थांबल्या. "आगं, काय चाय हाय ही! काय टाकलंस?"

"तुमचं केशर."

येसूबाईंनी कप खाली ठेवला. "ते बाळासाठी व्हतं ना गं! मग रोज रातच्याला तू…"

"मी नाही, आई. ते दूध सुमित प्यायचे. महिनाभर प्याले. बघा, काही फरक पडलाय का?"

सुमितनं हातातल्या बिस्किटाकडे असं काही बघितलं, जणू त्याला त्याच्याशी महत्त्वाचं बोलायचं होतं.

आत्यांचा चेहरा पडला. "मी काय वाईटासाठी आणलं व्हतं का?"

"नाही, आत्या. म्हणून तर सगळ्यांना पाजलं." जागृती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "मी जन्मले तेव्हा माझी आजी म्हणाली, काळी हाय, पण नाक बरं हाय. माझी आई दरवर्षी वाढदिवसाला हे हसून सांगायची. मीही हसायचे. मग शाळेत, सावळी आहे पण हुशार आहे. लग्नाच्या वेळी, रंग कमी आहे पण नोकरी आहे. तो 'पण' माझ्या मागं जन्मभर लागलाय. माझ्या लेकराच्या मागं मी तो लागू देणार नाही."

तिनं आत्यांच्या कपाकडे बोट दाखवलं.

"एवढं केशर घातलं, तरी चहा चहाच्याच रंगाचा राहिला. वाईट लागला का?"

सोनुआत्यांनी कपात बघितलं. बराच वेळ बघितलं. बाई हट्टी, पण चवीशी खोटं बोलणारी नव्हे.

"अर्धा कप आजून दे," त्या म्हणाल्या.

जागृती उठायला लागली, तर येसूबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि भांडं स्वतः उचललं. नणंदेच्या कपात चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "सुमित झाला तवा मी पयला त्याचा रंग बगितला, वन्सं. वाईट वाटलं, म्हणून कूस बदलून निजले. त्याचं तोंड दुसऱ्या दिशी बगितलं मी." सुमितनं मान वर केली. आईनं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

येसूबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि सुनेकडे वळल्या.

"तुजं लेकरू पयलं माज्या हातात येनार. आलास का माज्या सोन्या, एवढंच बोलीन मी. म्होरं 'पन' नाय लावायची."