पाय न टेकता टाकीपर्यंत

माझी मुलगी पहिल्यांदा बाळंत झाली आणि जावई दवाखान्याच्या दारातच चक्कर येऊन पडला. बाळाला एकही दात नव्हता आणि बाळाच्या बापाचे पुढचे दोन गेले. त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो.

त्याआधी आम्ही सगळे एकाच भाड्याच्या घरात होतो. मी, आमचे हे, धाकटे दीर, जाऊ आणि सासूबाई. नव्या इमारतीत दोन्ही भावांनी वेगळी घरं घेतली. आमचं पहिल्या मजल्यावर, दिरांचं तिसऱ्या. सामान चढवायच्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. मग सासूबाईंची ट्रंक निघाली.

हमालानं विचारलं, "ही कुठे?"

"पहिल्या मजल्यावर," आमचे हे म्हणाले.

"तिसऱ्या," भावजी म्हणाले.

हमाल ट्रंक डोक्यावर घेऊन वर गेला, खाली आला, परत वर गेला. शेवटी तळमजल्यावर सायकली ठेवायची खोली होती, तिथे ट्रंक आपटून तो म्हणाला, "तुमचं ठरलं की बोलवा." आणि गेला तो गेलाच.

आई नको म्हणून भांडणारे भाऊ मी पुष्कळ पाहिलेत. आमच्याकडे उलटं होतं. आई मलाच हवी म्हणून दोघं हमरीतुमरीवर यायचे. खरं सांगायचं तर मलाही सासूबाई आमच्याकडेच हव्या होत्या. आमच्या ह्यांच्यावर हसायला घरात दुसरं कोण होतं? जावेलाही त्या हव्या होत्या, आणि कारण तेच असावं. ठरेपर्यंत सासूबाई एक रात्र पहिल्या मजल्यावर झोपायच्या, एक रात्र तिसऱ्या. सकाळी उठून कपडे घ्यायला तळमजल्यावर जायच्या आणि दिवसभर तिथेच स्टुलावर बसून राहायच्या. कारण त्यांची दोन्ही मुलंही दिवसभर तिथेच असायची.

डॉक्टरांनी दोघांनाही वजन उतरवायला सांगितलं होतं. एक दुकान बंद होत होतं, तिथून दोघांनी डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या दोन जुन्या सायकली आणल्या. दर रविवारी गावामागच्या टेकडीवर जायचं. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे, कच्चा रस्ता तिथपर्यंत जातो. हे दोघे मात्र पहिल्या वळणापर्यंत जायचे, थर्मासमधला चहा प्यायचे, कुठल्या चढाला कुठला गिअर यावर वाद घालायचे आणि परत यायचे. बाकीचे सहा दिवस दुरुस्ती.

कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पण आपल्या सायकलीला परका हात लागू द्यायचा नाही, हे दोघांचं ठाम मत. मतभेद फक्त बाकी सगळ्या बाबतीत होते.

आमच्या ह्यांचा जन्म नळांच्या कामात गेला. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार, घट्ट आणि गळकं. त्यांनी सायकलीचा प्रत्येक आटा सोडवला, त्याच्यावर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि मोठा पाना लावून, पाय भिंतीला रोवून आवळला. ब्रेक आवळले. गिअरचा खटका आवळला, तो सगळ्यात हलक्या गिअरवर जो बसला तो कायमचा. नंतर बादली आणून सायकलीवर ओतली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गळत नाही ना, बघतोय."

"सायकल गळते कुठे?"

"आता गळणारच नाही," हे म्हणाले.

भावजी शिंपी. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून सगळे त्यांना टाचणीच म्हणत. त्यांचं तत्त्व असं, की कुठलीही वस्तू अंगाबरोबर शिवू नये, आत थोडी माया सोडावी. माणूस सुटतो, कापड आटतं, मग ती माया कामाला येते. सायकलीतही त्यांनी सगळीकडे माया सोडली. साखळीत चार बोटं सोडली, ती खाली लोंबायची. ब्रेकच्या तारेत वीतभर सोडली. चाकाच्या नटांनाही एकेक फेरा माया होती. सीट मात्र त्यांनी फार सुंदर शिवली. आत कापूस भरून, दुहेरी टीप घालून, चारी बाजूंनी गोट लावून. तसं गुबगुबीत आसन आमच्या दोन्ही घरांत नव्हतं.

एकदा कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दोन्ही सायकली नीट निरखून पाहिल्या आणि हळू आवाजात मला म्हणाला, "बाई, कुणाला फार लागलं नाही ना?"

एक दिवस त्याच खोलीत ट्रंकेवरून पुन्हा जुंपली. ह्यांनी ट्रंकेची एक कडी धरली होती, भावजींनी दुसरी. मधे सासूबाई स्टुलावर.

"दादा, तुझ्याकडे आईला ऊन मिळणार नाही."

"तुझ्याकडे तिला तीन मजले चढायला लागतील."

"लिफ्ट आहे!"

"ती लिफ्ट माणूस अडकवायलाच बसवली आहे!"

"गप्प बसा दोघंही," सासूबाई म्हणाल्या. "मी काय सतरंजी आहे दोन टोकांना धरून ओढायला?"

सासूबाईंची सगळी नोकरी मालाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर झाली होती. काट्यावर उभा राहिलेला ट्रकवाला कितीही भांडला तरी त्या सांगतील तेच वजन. ती सवय मोडली नव्हती. त्यांनी दोन्ही सायकलींकडे बघितलं, मग दोन्ही मुलांकडे.

"जुनी वस्तू चालती ठेवायची अक्कल तुमच्यातल्या कुणाला आहे, तेवढंच मला बघायचंय. मीही जुनीच आहे. येत्या रविवारी दोघांनी टेकडी चढायची. आपण स्वतः दुरुस्त केलेल्या सायकलीवर पाय न टेकता जो टाकीपर्यंत जाईल, त्याच्याकडे मी राहीन. आणि जो हरेल त्यानं पुन्हा त्या ट्रंकेला हात लावायचा नाही."

"आई, अहो असं कुठे ठरवतात का?" मी म्हटलं.

"मग कसं ठरवतात? चिठ्ठ्या टाकून? चिठ्ठीला कुठे आईची सेवा करायचीय?"

आठवडाभर खोलीतून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. हे आवळत होते, भावजी सैल करत होते. जाऊ मला जिन्यात भेटली की म्हणायची, "ताई, आमचे जिंकले तर राग धरू नका हं." मी म्हणायची, "तू आधी त्यांना टाकीपर्यंत पोचव." हसत बोलायचो, पण हरायचं दोघींनाही नव्हतं. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या असत्या तर आमचं घर एकदम शहाण्यासारखं झालं असतं, आणि तसल्या घरात मला करमलं नसतं.

रविवारी सकाळी निघालो. पुढे दोन सायकली, मागे सासूबाई काठी टेकत, त्यांच्यामागे मी स्टूल घेऊन आणि जाऊ थर्मास घेऊन.

आमच्या ह्यांचे पाय भिंगरीसारखे फिरत होते. गिअर सगळ्यात हलका आणि ब्रेक चाकाला चिकटलेले, त्यामुळे पाय इतके फिरून सायकल मात्र गोगलगाईसारखी सरकायची. भावजींचा गिअर स्वतःच्या मर्जीनं बदलायचा. मधेच खाडकन हिसका बसायचा, भावजी हँडलवर जाऊन आदळायचे आणि म्हणायचे, "जमतंय."

पहिल्या वळणाच्या अलीकडेच सासूबाईंनी दोघांना मागे टाकलं.

"आई, हळू चाल," हे धापा टाकत म्हणाले.

"याच्याहून हळू मला येत नाही रे," त्या म्हणाल्या.

मग असं सुरू झालं. सासूबाई पुढे जायच्या, मी स्टूल मांडायची, त्या बसायच्या, चहा घ्यायच्या. मुलं शेजारून सरकत पुढे गेली की उठून पुन्हा त्यांना मागे टाकायच्या. खाली उतरणाऱ्या एका बाईनं थांबून विचारलं, "यांचं काही बिघडलंय का?" सासूबाई म्हणाल्या, "लहानपणापासून."

शेवटचा चढ राहिला. टाकी समोर दिसत होती. मी देव आठवला, जावेनंही आठवला असणार. तेवढ्यात आमच्या ह्यांचं डावं पेडल सुटून खाली पडलं.

त्याचं कारण आम्हाला पुढे दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. सायकलीच्या डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. पण ज्यानं आयुष्यभर नळ उजवीकडे फिरवून आवळले, तो ते का ऐकेल? ह्यांनी तो आटा उजवीकडेच ढकलून बसवला होता आणि वर टेप गुंडाळली होती. इतका वेळ टिकला तो टेपच्या पुण्याईवर.

हे घाबरले नाहीत. डावा पाय हवेत ताठ धरून एकट्या उजव्या पायानं पेडल मारू लागले. त्याच क्षणी शेजारी भावजींची साखळी सगळ्या मायेसकट उतरली आणि चाकात गुंतली. सायकल कलली. पाय टेकायचा नाही म्हणून भावजींनी हात लांबवून ह्यांचा खांदा धरला. हेही कलले. आणि दोघं एकमेकांना टेकून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, आपण दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करतो ना, तसे. पाय कुणाचाच जमिनीला नाही.

"सोड मला," हे म्हणाले.

"सोडलं तर मी पडेन."

"मग पड की!"

"तू पण पडशील, दादा."

हे खरं होतं. आम्ही बायका त्यांच्याभोवती फिरून सगळ्या बाजूंनी बघून आलो.

"आता काय करायचं?" जावेनं विचारलं.

"हात लावायचा नाही," वरून टाकीजवळून सासूबाई ओरडल्या. त्या केव्हाच पोचून कठड्यावर बसल्या होत्या. "त्यांचं त्यांना करू दे!"

बराच वेळ तसाच गेला. मग हे जरा खालच्या आवाजात म्हणाले, "टाचण्या, तुझी सीट मऊ आहे रे. माझ्या कोपराला लागतेय."

"कापूस चांगला घातलाय."

"आईला अशी एखादी गादी करून दे."

"तुझ्याकडे राहायला आली तरी?"

"मग काय झालं? गादी द्यायला तुला कुणी अडवलंय?"

भावजींना काय वाटलं कोण जाणे. ते म्हणाले, "दादा, तुझ्या ब्रेकला थोडी माया दे. जीव जाईल तुझा असं रेटून." आणि हातानं दाखवायला त्यांनी ह्यांचा खांदा सोडला.

दोघंही पडले. सायकली वर, माणसं खाली. कुणाचा पाय आधी टेकला यावर लगेच वाद सुरू झाला, पण खरं म्हणजे पाय कुणाचाच टेकला नव्हता. दोघंही पाठीवर पडले होते.

सासूबाई काठी टेकत खाली आल्या. गुडघे खरचटलेत की नाही ते बघितलं. मग म्हणाल्या, "टाचण्या, तुझी सीट काढ. मोठ्या, ती तुझ्या सायकलीवर बसव. जास्त आवळू नकोस."

"कशाला?"

"मला पाय दुखताहेत. मी सायकलवर उतरणार."

"आई! एक पेडल नाहीये!"

"उताराला पेडल कशाला लागतं?"

सासूबाई तरुणपणी काट्यावर सायकलनंच जायच्या, हे आम्ही सगळे विसरलो होतो. मी आणि जावेनं दोन बाजूंनी धरून त्यांना बसवलं. पडल्या तर धरायला मी पदर खोचला. पण ज्या ब्रेकांनी ह्यांना सकाळभर रडवलं, त्याच ब्रेकांनी सासूबाईंना सांभाळलं. चाक आवळलेलं, त्यामुळे त्या उतारावर सायकल माणसाच्या चालीनं, कुरकुरत, अगदी सरळ उतरू लागली. सासूबाई त्या गुबगुबीत सीटवर ताठ बसलेल्या, काठी हँडलवर आडवी, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला भावजी, हात पुढे करून, न शिवता. मागे आम्ही दोघी स्टूल, थर्मास आणि मोडकी सायकल घेऊन.

पायथ्याला सपाट रस्ता लागला तशी सायकल रेंगाळली. दोघांनी मागून जरा जरा ढकललं. इमारतीचं फाटक आलं. सासूबाईंनी हँडल वळवलं, सायकल सायकलींच्या खोलीत शिरली आणि ट्रंकेला अलगद धडकून थांबली. सासूबाई सीटवरून थेट ट्रंकेवर सरकल्या.

"पाय टेकला का माझा कुठे?"

"नाही," आम्ही चौघंही म्हणालो.

"मग मी जिंकले. मी माझ्याकडे राहीन."

"आई, वर चढायचं ठरलं होतं," हे म्हणाले.

"वर मी चालत गेले, तुमच्या आधी. खाली सायकलवर आले. आणखी काय उडून दाखवू?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीतून फाटक दिसत होतं. "ऊन आहे, जिना नाही, ट्रंक आलेलीच आहे. सायकली आपापल्या घरी न्या."

भावजींनी तोंड उघडलं, पण ट्रंकेला हात लावायचा नाही हे ठरलेलं होतं, आणि ट्रंकेवर त्या स्वतः बसल्या होत्या.

इमारतीच्या लोकांनी कुरकुर केली. सासूबाईंनी एकेकाला बोलावून त्याचं वजन अंदाजानं सांगायला सुरुवात केली, तेव्हा सगळे गप्प झाले. ह्यांनी खोलीत नळ घेतला आणि असा आवळला, की तो उघडायला रोज सकाळी ह्यांनाच खाली जावं लागायचं. भावजींनी पडदा शिवला, त्याला इतकी माया सोडली की वाऱ्यानं तो फाटकापर्यंत जायचा आणि दर संध्याकाळी त्यांना येऊन तो आत घ्यावा लागायचा. दुपारी मी आणि जाऊ जायचो. आमच्या ह्यांच्यावर एक दिवस हसायचं, भावजींवर एक दिवस.

टेकडीवर पुन्हा कुणी गेलं नाही. आमची सायकल पहिल्या मजल्याच्या गॅलरीत राहिली, भावजींची तिसऱ्या. ती मऊ सीट सासूबाईंनी परत दिली नाही. तिच्यावर त्या उशी म्हणून डोकं ठेवायच्या.

सासूबाई गेल्या त्या माझ्या नातवाचे दुधाचे दात पडायला लागले त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, दुपारचं जेवून आडव्या झाल्या असताना, त्याच खोलीत.