हाकेचा कडा

"मामा, बस जरा हळू घे ना," वर्ना माइकवर हात ठेवून म्हणाली.

मी हळूच चालवत होतो. त्याहून हळू घेतली असती, तर मागचे पाहुणे उतरून ढकलायला लागले असते. पण पोरगी काय टाळतेय ते मला ठाऊक होतं. जुना लष्करी किल्ला दाखवून झाला होता, आमच्या आज्या-पणज्यांच्या दाणे कुटायच्या खळग्यांचा खडकही झाला होता. आता तळ्यावरचा कडा तेवढा उरला होता.

वर्ना माझी भाची. मेसन वेल्स गावाच्या पर्यटक बसवर ती गाईड आहे आणि मी ड्रायव्हर. आम्ही पायूट, या मुलखातले मूळचे आदिवासी. पाहुण्यांना गावातली मूळची माणसं बघायची हौस असते, म्हणून गावाने तिच्या हातात माइक दिला आणि माझ्या हातात स्टिअरिंग. माझी जीभ जरा तिखट आहे, म्हणून मला माइक देत नाहीत.

त्या कड्यावरून हाक मारली की तळ्यापलीकडचा डोंगर ती तीनदा परत देतो. गेल्या उन्हाळ्यात रानात वणवा पेटला, तेव्हा वर्नाचा धाकटा भाऊ आग विझवायला गेला. गाव वाचलं, तो परत आला नाही. गावाने उपकाराची जाण ठेवली. कड्याला त्याचं नाव दिलं, पितळी अक्षरांची पाटी लावली, आणि येणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या नावाने एक हाक मारायची असं ठरवलं. गावाकडे याहून मोठा मान द्यायला नव्हता, हे मला कळतं.

पण आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव ऐकलं की तो पलीकडच्या जगाच्या वाटेत थांबतो, मागे वळून बघतो. मीही ते इथे लिहिणार नाही. ते एका पाखराचंही नाव आहे. माझी ताई, म्हणजे त्याची आई, आता त्या पाखराला नुसतं 'तांबड्या छातीचं' म्हणते.

हिवाळ्यात वर्ना पर्यटन कचेरीच्या मार्जीबाईंकडे गेली होती.

"बाई, पाटी राहू दे. पण हाक नको."

"अगं, लोकांनी त्याला विसरू नये म्हणून तर!"

"विसरा कुठे म्हणतेय मी? फक्त बोलवू नका."

मार्जीबाईंनी तिला मिठी मारली, डोळे पुसले, आणि हाक तशीच ठेवली. चांगल्या माणसांशी भांडताही येत नाही, हा एक वैतागच.

"मग सोड ना ही नोकरी," मी तिला म्हणालो होतो.

"मी सोडली तर दुसरी कोणी येईल, ती दिवसभर त्याचं नाव घेईल. मी असले तर तेवढंच एक तोंड कमी."

आज मोसमाची पहिली फेरी, आणि मार्जीबाई मुद्दाम पुढच्या सीटवर बसल्या होत्या. कड्यावर सगळे उतरले. खाली तळ्यात पेलिकन पाण्यावर निवांत बसले होते, वाऱ्याला सेजच्या झुडपांचा कडवट वास येत होता. वर्ना पाटीसमोर अशी उभी राहिली की अर्धी अक्षरं तिच्या पाठीमागे झाकली गेली.

"इथे आपलं स्वतःचं नाव हाकारायची पद्धत आहे," ती म्हणाली.

असली कुठलीही पद्धत नाही. मी खाली बघत बुटाची माती झटकली.

तिने तळ्याकडे तोंड करून स्वतःलाच हाक मारली. डोंगराने तिला तीनदा बोलावलं. पाहुणे खूश झाले आणि आपापली नावं ओरडू लागले. आपलं नाव डोंगराच्या तोंडून ऐकायला कोणाला नको असतं? मलासुद्धा वाटलं, जमलं पोरीला.

एक म्हातारा मात्र गप्प उभा होता. त्याने वर्नाला हलकेच बाजूला व्हायला सांगितलं, चष्मा सारून पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग टोपी काढून छातीशी धरली आणि कातर आवाजात माझ्या भाच्याला हाक मारली.

डोंगराने ती तीनदा परत दिली. वर्ना पाण्याकडे बघत राहिली.

बसमध्ये चढताना मार्जीबाईंचे डोळे भरले होते. "किती छान बोलावलं त्यांनी! उद्यापासून सगळ्यांकडून तसंच करून घे हं, वर्ना. लाजू नकोस."

"बरं," वर्ना म्हणाली.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. ताईने पाइनच्या बियांचं कढण करून ठेवलं होतं. तिला आता नीट दिसत नाही. आमची पावलं ऐकून तिने तोंड दाराकडे वळवलं.

"कोणी बोलावलं का गं त्याला?"

"नाही आई. सगळ्यांनी आपापलीच नावं घेतली. मामाला विचार हवं तर."

"हो ताई," मी म्हणालो. "मीपण माझंच घेतलं. डोंगराने परत दिलं नाही."

ताई हसली. वणव्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मग आज बराच पुढे गेला असेल," ती म्हणाली, आणि कढणाचं वाडगं चाचपडत माझ्यापुढे सरकवलं.

वर्ना आमच्याकडे पाठ करून मोरीत भांडी घासायला उभी राहिली. अजून कोणी जेवलंही नव्हतं.