पंधरवड्याचे नऊ प्रश्न

“गेल्या पंधरा दिवसांत मन उदास वाटलं का, मामा? कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, का रोज?”

“परवागिल्ला अम्मा, चाललंय की. तू कॉफी घे अगोदर, थंड होतीय.”

वेदवतीने ‘कधीच नाही’वर खूण केली. दुसरं करणार तरी काय? अंबाजीराव इथल्याच, कानडी मुलखातल्या मेटगळ्ळीच्या कारखान्यातले जुने फिटर. बायको जाऊन आठ महिने झाले होते. एकाकी म्हाताऱ्यांच्या मनःस्थितीची पाहणी चालली होती, त्यासाठी वेदवती दर दुसऱ्या गुरुवारी यायची. नऊ प्रश्न, प्रत्येकाला चार रकाने, ‘कधीच नाही’ला शून्य तर ‘रोज’ला तीन गुण. आणि हा माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं तारखेपर्यंत फाडून, कॉफी गाळून तयार! घरी आलेल्या लेकीच्या वयाच्या पोरीपुढे रडगाणं गाणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

सलग तीनदा बेरीज पाचाच्या आत आली की माणूस बरा आणि भेटी बंद, असा नियम होता. आज तिसरी खेप.

“जेवण जातं ना?”

“आज चित्रान्न केलंय, नोडु, बघ हा लिंबूभात. तुला पण डब्यात घालून देतो.”

बेरीज दोन आली.

“मामा, तुम्ही बरे झालात. आता मी येणार नाही.”

“चांगलं झालं की,” असं म्हणून अंबाजीराव डबा भरायला आत गेले. एवढासा डबा, पण त्यांना बराच वेळ लागला.

पाच आठवड्यांनी ती डबा परत द्यायला गेली. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात शंकरपाळे भरले होते. दार उघडलं ते दाढी वाढलेल्या, मळक्या बनियनमधल्या अंबाजीरावांनी.

“फॉर्म कुठंय?”

“आज फॉर्म नाही, मामा. डबा द्यायला आले.”

ते डबा हातात घेऊन खुर्चीवर बसले. मग हळूच म्हणाले, “जेवण जात नाही, अम्मा. ती गेल्यापास्नं एकट्यानं ताट घेऊन बसायला होत नाही.”

आपण केलेल्या त्या खुणांची वेदवतीला लाज वाटली. “मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू यायचीस त्या दिवशी जायचं की.”

त्यांच्याकडे बघवेना म्हणून तिने भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरवर अजून तोच गुरुवार होता.