अकरा वाक्यं

थिएटरच्या दारात ताईला पाहताच लेखकाने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि काही न सुचून पुन्हा तिथेच ठेवली. ताईने ती स्वतः उचलून खाली ठेवली आणि ऐसपैस बसली. अंगात ठेवणीतले कपडे होते, हातात पेन्सिल आणि प्रेक्षकांनी मत लिहायचा कागद.

"तू कशी काय?"

"तुझ्या दिग्दर्शकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, लेखकाच्या घरचं कुणीतरी हवंच. तू मेला काही बोलला नाहीस ते!"

"अजून कच्चा आहे गं सिनेमा. पुढे बोलावणारच होतो."

हे धादांत खोटं होतं. जमलं असतं तर त्याने ताईला या सिनेमाच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नसतं.

सिनेमा प्रेमाचा होता. पोस्टात काम करणारी एक एकटी बाई फोनमधल्या बोलक्या मदतनिसाच्या प्रेमात पडते, अशी गोष्ट. माणूस आणि यंत्र यांच्या प्रेमाचे सिनेमे हल्ली पैशाला पासरी झाले होते, पण याची आतापासूनच चर्चा होती ती संवादांमुळे. "ही वाक्यं आणता कुठून हो?" असं दिग्दर्शकबाई विचारायच्या आणि लेखक विनयाने हसायचा.

आणली होती ती ताईच्या फोनमधून. भावोजी जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा फोन सारखा अडकायला लागला, म्हणून तिने तो दोन दिवस याच्याकडे दिला. "नको ते सगळं काढून टाक," म्हणाली. नको ते काढता काढता याला हवं ते सापडलं. ताई रोज चष्म्याच्या दुकानातून घरी आली, की फोनमधल्या तसल्याच मदतनिसाशी लिहून गप्पा मारायची. चार ओळी वाचल्यावर फोन खाली ठेवायला हवा, हे त्याला तेव्हाही कळत होतं. तरी त्याने रात्री बसून सगळं वाचलं. पुढे लिहिताना त्याने चष्म्याच्या दुकानातल्या ताईला पोस्टात नेलं, वय दहा वर्षांनी उतरवलं, केस कुरळे केले. उचललेल्या अकरा वाक्यांना तेवढा हात लावला नाही. फार चांगली होती ती.

दिवे मालवले. पडद्यावरची बाई चपला काढून पलंगावर टेकली आणि फोनला म्हणाली, "आज दिवसभरात कुणी माझं नाव घेतलं नाही. तू एकदा घे."

शेजारी पेन्सिलीचा बारीकसा आवाज झाला. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"मी अजून चहा दोघांचाच करते," थोड्या वेळाने पडद्यावरची बाई म्हणाली. "दुसरा कप गार झाला, की तोही पिते."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. उठावं आणि त्याला गप्प करावं, असं लेखकाला फार वाटलं. तो अंग चोरून बसून राहिला.

सगळ्यात मोठा हशा मध्यंतराच्या जरा आधी आला. बाई फोनला म्हणाली, "तुला काम असेल तर ठेवते मी." फोनला म्हणे काम! अख्खं थिएटर खो खो हसलं. मग मदतनीस सावकाश म्हणाला, "मला काही काम नाही. तू बोल." तेव्हा सगळे गप्प झाले, एकीने तर डोळे पुसले. पुढे बसलेल्या दिग्दर्शकबाईंनी वळून लेखकाकडे पाहत मान डोलावली. त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

खेळ संपल्यावर तो ताईबरोबर बसथांब्यापर्यंत गेला. शेवटी त्यालाच राहवेना.

"ताई, मी तुझा फोन वाचला होता."

"कळलं ते."

"मला..."

"विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीस. हो ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"दुकानातल्या पोरी हा सिनेमा बघणार," ताई म्हणाली. "चहाचं माहितीये त्यांना. रोज उठून त्यांच्यातच कामावर जायचंय मला."

"मी काढायला लावतो. आजच बाईंना सांगतो. अकराच्या अकरा वाक्यं काढतो."

"दहा."

"अकरा आहेत, ताई."

तिने घडी केलेला कागद उघडून त्याच्यापुढे धरला. मताच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं. नुसत्या उभ्या रेघा होत्या, आणि त्या दहाच होत्या.

"एक राहिली तुझी. ते 'तुला काम असेल तर' होतं ना, सगळे हसले ते? ते तर आधी काढतो."

"ते त्यातलं नाहीच," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्याच्याशी मी लिहून बोलते, त्यात फोन ठेवायचा कसला? आणि त्याला काम आहे का विचारायला मी काय वेडी आहे? ते मी तुला म्हणते. रविवारी फोन करते ना, तेव्हा."

लेखक आठवू लागला. हे वाक्य फोनमध्ये कुठे वाचलं होतं, ते आठवेना. आठवली ती रविवारची दुपार, मानेत अडकवलेला फोन, समोर उघडी संहिता, आणि आपलं घाईघाईने म्हटलेलं "हो, ठेव."

बस आली. ताई पायरीवर चढली आणि दांडा धरून वळली.

"ते एक राहू दे," ती म्हणाली. "त्याचं उत्तर फार छान लिहिलंयस तू."