खालाचं बोट मला ओळखता आलं नाही

मी बोटं तपासणारी मशीन बोलतेय. मतपत्रिका हातात पडण्याआधी ज्या काचेवर बोट टेकवावं लागतं, ती काच माझी. निवडणूक आली की सगळं खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. हरलेला म्हणतो, मशीन विकली गेली. जिंकलेला म्हणतो, मशीनसारखं इमानदार कुणी नाही. पुढच्या खेपेला दोघांच्या जागा बदलतात आणि बोलणंही बदलतं. वैताग आलाय मला या माणसांचा.

मला आणलं चोर अडवायला. दक्षिण इराकच्या या दलदलीत पूर्वी नुसतं नाव विचारून कागद देत, तेव्हा मेलेली माणसंसुद्धा मत देऊन जायची. मी आले आणि त्यांचं येणं थांबलं. त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू?

मग त्या दिवशी नशमिया खाला आली. साठी उलटलेली बाई, एकटी होडी वल्हवत आली. नदीचं पाणी वरच्या अंगालाच अडवल्यामुळे तिच्या अकरा म्हशींतल्या सात मेल्या होत्या, आणि पाण्याबद्दल बोलणारा उमेदवार एकच होता. त्याला मत द्यायचंच, असं ठरवून ती आली होती.

तिने बोट टेकवलं. मला काहीच दिसेना. जन्मभर बोरू सोलून चटया विणल्या होत्या तिने, बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. तिने बोटं पुसली, फुंकर घातली, एकेक करून दहाही टेकवली. मी आपलं दर वेळी तेच दाखवत राहिले : 'जुळत नाही.'

केंद्रप्रमुख उस्ताद मुहैसिन गावच्याच शाळेतले मास्तर, तिच्या चटईवर रांगून मोठे झालेले. ते म्हणाले, मी ओळखतो हिला, देऊ या कागद. दुसऱ्या उमेदवाराचा माणूस धियाब अडून बसला. आज हिला सोडलं तर उद्या चाळीस जण झिजलेली बोटं घेऊन येतील, त्यांना कसं अडवणार? त्याचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं.

तेव्हा खालाने हात वर केला. "अब्बासची शपथ, मी मुतशरची लेक नशमिया. मी अजून मत दिलेलं नाही."

आमच्याकडे देवाची खोटी शपथ घेणारे पुष्कळ सापडतील, पण शहीद अब्बासची घ्यायला कुणी धजत नाही; खोट्याला तो जागीच शिक्षा देतो म्हणतात. धियाबने मान खाली घातली.

"खाला, तुझी शपथ मला पुरली," तो म्हणाला. "या मशीनला शपथ कळत नाही, त्याला मी काय करू?"

उस्ताद शरमले. कोऱ्या बोटाने परत गेलीस तर बायका हसतील, निदान शाई तरी लावून जा, म्हणाले. तिने हात मागे घेतला.

"मत दिलं नाही, तर रंग कशाला मिरवू?"

आणि गेली ती. खोलीतलं सगळ्यांत खरं माणूस मी दारातून परत पाठवलं. मेलं माझं शहाणपण!

आता मी गोदामात कुलपाआड आहे, बाहेर बंदूकवाले उभे आहेत. मला कुणी हॅक केलं का, मोजणी पुन्हा हाताने करायची का, यावर टीव्हीवर रोज घसे फाडणं चालू आहे. करा की मोजणी! चोर असेल तर धरा त्याला. पण परत गेलेल्या खऱ्या माणसांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझ्या यादीत खालाच्या नावापुढे 'आली नाही' अशी नोंद आहे. ती आली होती. एवढी एक नोंद तरी कुणी दुरुस्त करा रे.