भिजकीचं घराणं

पाहुण्या बाईंनी मांजरीची एक मिशी दोन बोटांत धरून हळूच ताणली आणि सोडून दिली. मिशी पुन्हा होती तशी वळून बसली.

"मिशासुद्धा कुरळ्या!" बाई हरखून म्हणाल्या. मांजरांच्या जातींचा अभ्यास करणं हे त्यांचं काम, आणि कुणाकडून तरी ऐकून त्या या इस्त्रीच्या दुकानापर्यंत येऊन पोचल्या होत्या. भिजकी टेबलावरच्या ऊन ऊन चादरींवर डोळे मिटून पडली होती. पाठभर बारीक लाटा, पोटावर त्याहून बारीक.

"जगाच्या सुरकुत्या काढायचं दुकान," कोपऱ्यात बटण लावत बसलेल्या वन्सं म्हणाल्या, "आणि घरात ही. गिऱ्हाइकं विचारतात, हिच्यावर कधी फिरवणार इस्त्री?"

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली. दुकान त्यांचं, नवऱ्यामागे त्या आणि ही थोरली नणंद, दोघीच ते चालवत होत्या.

"पहिली कुठून आली?" बाईंनी विचारलं.

"कुठून यायची? इथंच," वहिनी म्हणाल्या. "धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत."

त्या तेव्हा नव्यानंच या घरात आल्या होत्या. एका साध्या करड्या मांजरीनं टोपलीत पिल्लं घातली. बाकीची वाळून कापसासारखी फुलली, एक तेवढं ओलंच राहिलं. वन्संनी टॉवेलनं पुसून पुसून त्याला बेजार केलं. तरी वाळेना, म्हणून वहिनी त्याला ओंजळीत घेऊन इस्त्रीच्या धगीशी बसल्या. जेवायला आलेला नवरा वाकून बघून म्हणाला होता, "अगं ताई, ओलं नाही ते. कुरळं आहे." त्या दिवशी तिघं इतकी हसली, की आमटी उतू गेली. तेव्हापासून घरातली प्रत्येक कुरळी मांजर भिजकीच. कधीमधी एखाद्या वेताला तसं एखादं निघायचं, आणि वहिनी ते ठेवून घ्यायच्या.

"आता हिला काही पिल्लं व्हायची नाहीत," वहिनी म्हणाल्या. त्यांचं बोट भिजकीच्या कानामागे फिरत होतं. "म्हातारी झाली. हिच्यानंतर संपलं."

"सरळ केसांची पिल्लं व्हायची, त्यांचं काय केलंत?"

"ती वन्सं वाटून टाकायच्या."

"टाकायच्या काय?" वन्संनी दातानं दोरा तोडला. "स्थळं बघून दिलीत एकेकाला! बेकरीत दोन, सायकलवाल्याकडे एक, शाळेच्या शिपायाकडे एक. नाकं मुरडत होते सगळे. गळ्यात घातली म्हण. तुला काय, तू नुसती कुरळ्यांचे लाड करत बसायचीस."

वहिनींनी भिजकीच्या पाठीवरून हात फिरवला. ते खरंच होतं.

बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "मग आशा सोडू नका. साध्या दिसणाऱ्या पिल्लांमध्येही हे कुरळेपण दडून राहतं. त्यांची पिल्लं, त्यांची पिल्लं... ज्यांच्यात ते दडलंय अशी दोन कधी एकत्र आली, तर एखादं कुरळं निघतं. निघेलच असं नाही."

"म्हणजे पणजोबांचं नाक पणतीला," वन्सं म्हणाल्या.

"तसंच काहीसं. निघालं तर मला कळवा."

त्यानंतर वन्संनी एक नवीनच काढलं. कपडे पोचवायला त्या स्वतः जाऊ लागल्या. ज्या घरी मांजर, तिथं पाणी मागायच्या, बसायच्या, बाकाखाली डोकवायच्या.

"सगळी सरळ," परत येऊन सांगायच्या. "शेपटाच्या टोकापर्यंत सरळ."

"राहू द्या हो वन्सं. गुडघे धराल मग."

"मी काय तुझ्या मांजरीसाठी जातेय? कपडे पोचवतेय."

वहिनी मान खाली घालून इस्त्री फिरवायच्या. रोजची पहिली गरम चादर मात्र भिजकीच्या अंगाखाली सरकवायला विसरायच्या नाहीत. ती आता बहुतेक वेळ झोपूनच असायची.

आणि एके दिवशी दुपारच्या जेवणाआधी बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत पिठात.

"मावशी, तुम्हाला मांजरांतलं कळतं म्हणून आलो. तुमच्याकडच्या त्या मांजरीची नात आमच्याकडे व्यालीय. बाकीची पिल्लं टकाटक आहेत, पण एक बिचारं सकाळपासून वाळतच नाही. बायको म्हणते, भट्टीजवळ ठेवू या. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

वहिनींचा हात सदऱ्याच्या कॉलरवर थांबला.

"अगं, सदरा!" वन्संनी झटकन उठून इस्त्री उचलली. गुडघ्यांची त्यांना आठवणही झाली नाही.

वहिनी चपलांत पाय अडकवत होत्या. उजवा डावीत गेला, तो काढला. दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि घड्यांच्या चवडीवरचा वरचा टॉवेल ओढून घेतला.

वन्संनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. पुन्हा नीट घडी घातली, चवडीवर ठेवला, वरून हात फिरवला.

"ओलं नाही ते," त्या म्हणाल्या. अगदी भावाच्या सुरात.

बेकरीवाला एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. दोन म्हाताऱ्या त्याच्या आधीच रस्त्याला लागल्या होत्या.