दुपारची झाडलोट

"पुन्हा गेले! सकाळचे सगळे रिपोर्ट गेले!" लॅबवाल्या ताई दार ढकलून आत आल्या आणि माझ्या टेबलावर हात आपटून उभ्या राहिल्या. "तुमच्या कॉम्प्युटर खात्यात भूत शिरलंय का? आज मला उत्तर हवं, नाहीतर मी सरळ वरती जाते."

वरती म्हणजे हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत, आणि आता तर त्यांनी ऐकूनही घेऊ नये. आदल्या दिवशी एका बाईला टेबलावर घेऊन तिचं ऑपरेशन थांबवावं लागलं होतं, कारण तिच्या रक्ताचा रिपोर्ट सापडेना. रक्त पुन्हा काढलं, पुन्हा तपासलं, आणि तेवढ्या वेळात जे बिघडायचं ते बिघडलं. बाई अजून शुद्धीवर नव्हती.

"मी सकाळीच बघितलं. ठीक चाललंय सगळं," कोपऱ्यातून बाबा म्हणाले. मान वर न करता.

बाबा म्हणजे माझे सासरे. घरी बाबा, इथे सर. या हॉस्पिटलातला पहिला कॉम्प्युटर त्यांनी खोक्यातून काढला. मी त्यांच्या हाताखाली शिकायला आले आणि त्यांच्याच घरात नांदायला गेले. 'सरांनी सून परीक्षा घेऊन निवडली' ही थट्टा लोक अजून करतात. ते निवृत्त झाले तरी त्यांना सोडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते येत राहिले.

"ठीक कसं चाललंय सर? फोल्डर रिकामं आहे, संग्रहातही काही नाही!" ताईंचा आवाज चढला.

"मग तुमच्या मशीनने पाठवले नसतील."

मी ताईंना हाताला धरून बाहेर नेलं. "मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तुमच्या पाया पडते, पण वर जाऊ नका."

खरं सांगते, मला रिपोर्टची भीती वाटत नव्हती. बाबांची वाटत होती. घरी सासूबाई हल्ली मला म्हणायच्या, "त्यांना विचारू नकोस गं, जे काय ते मला विचार." बाबांना कुणी काही विचारलं की उत्तर त्याच देऊन मोकळ्या व्हायच्या. नवऱ्यापाशी विषय काढला तर तो डाफरला, "वय झालंय त्यांचं. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस." बरं, नाही करत, म्हटलं. पण शंका काही जाईना. हे जर बाबांच्याच हातून होत असेल, तर त्यांना या खुर्चीवरून उठवणार कोण?

मी शोधायला बसले. डिस्क भरली होती का? नाही. फोल्डरची परवानगी कुणी बदलली होती? तीही नाही. मशीनने पाठवलेल्या प्रत्येक रिपोर्टची नोंद होती, म्हणजे रिपोर्ट आले होते आणि मग गेले होते. मग मी ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी उघडली.

त्यात बाबांची जुनी स्क्रिप्ट होती, त्यांनीच लिहिलेला छोटासा प्रोग्राम. आम्ही तिला झाडलोट म्हणायचो. रोज दुपारी ती सकाळचे रिपोर्ट गोळा करून त्यांचा एक गठ्ठा बांधायची, त्याला त्या दिवसाच्या तारखेचं नाव द्यायची, गठ्ठा संग्रहात ठेवायची आणि फोल्डर साफ करायची. डॉक्टर मग संग्रहात बघायचे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

पण यादीत तिच्या खाली दुसरी झाडलोट होती. जरा वेगळ्या नावाची, जरा उशिराची. आणि तिच्याखाली तिसरी.

पहिली स्क्रिप्ट गठ्ठा बांधून फोल्डर साफ करत होती. मग दुसरी येऊन त्याच साफ फोल्डरचा रिकामा गठ्ठा बांधत होती, त्याच तारखेच्या नावाने, आणि भरलेल्या गठ्ठ्यावर तो चढवत होती. सकाळचे सगळे रिपोर्ट तिथे संपत होते.

मी तिन्ही उघडून शेजारी शेजारी लावल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर बाबांचं नाव आणि त्यांची नेहमीची सूचना: 'सावधान, फोल्डर रिकामं असेल तर इथेच थांबावं.' पहिलीत सूचनेखाली ती तपासणी होती. दुसरीत नुसती सूचना होती, तपासणीच नव्हती. तिसरीत तीच सूचना एकाखाली एक दोनदा लिहिली होती, आणि दुसऱ्यांदा अर्ध्यावर तुटली होती. मला ते वाचवेना.

"बाबा, जरा इकडे येता?" हॉस्पिटलात मी त्यांना बाबा म्हटलं हे माझ्याही नंतर लक्षात आलं.

ते आले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि दुसरी स्क्रिप्ट मधूनच वाचायला लागले. वाचता वाचता भडकले. "हा काय गाढवपणा आहे? काही आहे की नाही ते न बघताच गठ्ठा बांधतोय? अशाने माणसं मरतील! कुणी लिहिलंय हे?"

त्यांनी स्वतःच मजकूर डोक्यावरच्या नावापर्यंत सरकवत नेला आणि ते थांबले. मग तिसरी पाहिली. बराच वेळ पाहिली.

"मी झाडलोट एकदाच लिहिली होती," ते म्हणाले.

"हो बाबा."

"एकदाच लिहिली होती ना गं?"

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "ती ऑपरेशनवाली बाई कशी आहे?"

"अजून डोळे उघडले नाहीत."

ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "माझं कॉम्प्युटरवरचं खातं बंद कर."

"असं काय करता बाबा? या दोन उडवते मी. यापुढे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन."

"आज उडवशील. उद्या मी चौथी लिहीन. तू बाजूच्या टेबलावर बसलेली असशील आणि मी लिहीन, आणि मला वाटेल की मी चांगलं काम केलं." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "ही घरातली गोष्ट नाही पोरी. इथे सासरा बघायचा नाही."

मग त्यांनी मला एकेक पायरी सांगितली, नव्या मुलांना शिकवताना सांगायचे तशी. आधी माझी चालू असलेली कामं थांबव. आता यादीतून माझ्या नावाची कामं काढ, पण जुनी झाडलोट तुझ्या नावावर घे, तपासणी आहे ना बघून घे. आता खात्याला कुलूप. "नुसतं कुलूप लावून भागत नाही," ते म्हणाले, "बिनपासवर्ड आत येण्याच्या किल्ल्या मागे राहतात. त्या पुस. हां, आता बरोबर."

शेवटची आज्ञा लिहून झाली तरी माझं बोट पुढे जाईना. त्यांनी हात लांबवला आणि एंटर त्यांनीच दाबलं.

मी तोंडावर पाणी मारून आले आणि लॅबमध्ये गेले. ताईंना सांगितलं की दोष सापडला, यापुढे रिपोर्ट हरवणार नाहीत. "कशाने होत होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्क्रिप्ट चुकली होती. कुणाची ते त्यांनी विचारलं नाही. कदाचित त्यांना केव्हाचं ठाऊक असेल.

परत आले तर बाबा आपल्या जागेवर बसले होते. हळूहळू, एकेक अक्षर शोधत ते काहीतरी टाइप करत होते. थांबत होते, पडद्याकडे बघत होते, पुन्हा करत होते. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली. चेहऱ्यावर जरा ओशाळं हसू होतं.

"अगं, बरं झालं आलीस," ते म्हणाले. "माझं खातं उघडत नाहीये. कुणी काही बदललं का? जरा बघतेस?"

आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी आपली खुर्ची बाजूला सरकवली.